निम्मं, पण कशाचं?



फ्रीमाँटमध्ये चार मराठी माणसं जमली की घरांच्या किमती, शाळा आणि कंपनीचे स्टॉक यावर तासन् तास गप्पा होतात. घटस्फोटाचा विषय मात्र दबक्या आवाजात निघतो, तोही 'कोणाचा' एवढ्यापुरताच. 'कसा' हे कोणी बोलत नाही. माझ्या मते ते उघडपणे बोलायला हवं, कारण न बोलण्याचा तोटा दोघांना सारखा होत नाही.

आधी कायदा पाहू. कॅलिफोर्निया हे 'कम्युनिटी प्रॉपर्टी' मानणाऱ्या नऊ राज्यांपैकी एक. लग्न झाल्यापासून विभक्त होईपर्यंत इथे राहून दोघांपैकी कोणीही जे कमावलं, ते दोघांचं, निम्मं निम्मं. कागदावर नाव कोणाचं याला महत्त्व नाही. पगार, ४०१(के), त्या काळात कमावलेले स्टॉक ऑप्शन्स, त्याच पैशातून घेतलेला पुण्याचा फ्लॅट, आणि कर्जसुद्धा! लग्नाआधीचं, वारशाने आलेलं किंवा भेट मिळालेलं, ते मात्र ज्याचं त्याचं. चूक कोणाची, हे १९७० पासून इथलं कोर्ट विचारत नाही.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. कॅलिफोर्नियात ती स्पॅनिश-मेक्सिकन अमदानीतून आली. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून. वेगळा करार केला नसेल तर गोव्यात आजही नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. पेडण्याच्या बाईला असलेला हा हक्क शेजारच्या सावंतवाडीच्या बाईला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पोटगी आहे, पण संसारात जमवलेल्या मालमत्तेचा निम्मा वाटा नाही.

तेव्हा फ्रीमाँटच्या बाईच्या बाजूने कायदा भक्कम आहे. मग अडतं कुठे? निम्मं मिळेल, पण कशाचं, हेच तिला ठाऊक नसतं! अशा तिघी-चौघींबरोबर मी बसले आहे. सगळ्या उच्चशिक्षित. "घराच्या डीडवर कोणाचं नाव आहे?" या प्रश्नावर एकीचं उत्तर होतं, "यांना विचारावं लागेल."

खटल्यात दोघांनाही आपली मालमत्ता, कर्ज, उत्पन्न आणि खर्च शपथेवर जाहीर करावा लागतो. लपवणाऱ्याला कोर्ट सोडत नाही. गाजलेल्या 'रॉसी' खटल्यात बायकोने सुमारे १३ लाख डॉलर्सची लॉटरी लपवून घटस्फोट घेतला. पुढे ते उघड झालं आणि सगळी रक्कम नवऱ्याला मिळाली; २००१ साली अपील कोर्टानेही ते कायम ठेवलं. पण उघड कसं झालं? एक पत्र नवऱ्याच्या पत्त्यावर जाऊन पडलं म्हणून. आपल्या दारात असं पत्र येईलच असं नाही.

म्हणून तयारी म्हणजे मुख्यतः कागद. गेल्या काही वर्षांचे टॅक्स रिटर्न, बँकेची स्टेटमेंट्स, स्टॉक ग्रँटची पत्रं, भारतातली एनआरई-एनआरओ खाती, डीड, मुलांचे पासपोर्ट यांच्या प्रती. स्वतःच्या नावावर एक खातं आणि दुसऱ्या कोणाला पासवर्ड माहीत नसलेला ईमेल. घरात मारहाण किंवा धाक असेल तर आधी फ्रीमाँटच्या 'नारिका'शी किंवा 'मैत्री'शी बोलावं, कागद नंतर.

अर्जासाठी दोघांपैकी एकाचं राज्यात सहा महिने आणि काउंटीत तीन महिने वास्तव्य हवं. आपल्या अ‍ॅलामीडा काउंटीची ही प्रकरणं हेवर्डच्या कोर्टात चालतात. फी साडेचारशे डॉलर्सच्या आसपास; उत्पन्न कमी असेल तर माफीचा अर्ज करता येतो. समन्स बजावल्यापासून सहा महिन्यांच्या आत लग्न संपत नाही. समन्स बजावलं की लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या हुकुमाशिवाय दोघांनाही मुलांना राज्याबाहेर नेता येत नाही, मालमत्ता विकता येत नाही, जोडीदाराचा विमा बंद करता येत नाही.

'थोडे दिवस आईकडे जाऊन ये' या सल्ल्याचा अर्थ इथे नीट कळतो. ती तिकडे गेली आणि खटलाही तिकडेच उभा राहिला, तर निम्म्याचा हक्क मिळवणं फार कठीण होतं. एच-४ वर असणाऱ्यांना तर भीतीच घालतात. पण नुसता अर्ज केल्याने तो दर्जा जात नाही. घटस्फोट अंतिम झाल्यावर जातो. मधल्या महिन्यांत इमिग्रेशन वकिलाला गाठता येतं. आणि भारतात लग्न झालेल्यांनी १९९१ चा नरसिंह राव निकाल लक्षात ठेवावा: इथला एकतर्फी घटस्फोट तिकडे मान्य होईलच असं नाही.

काही जण म्हणतील, हे संसारात संशय पेरणं झालं. मला तसं वाटत नाही. नवरा अचानक आजारी पडला तर हेच कागद लागतात. आणि बायको जास्त कमावत असेल तर हाच कायदा नवऱ्याला राखतो. जॉइंट रिटर्नवर सही दोघांची असते, जबाबदारीही दोघांची; मग तो वाचायचा एकानेच का? दर एप्रिलला दोघांनी टेबलाशी बसून तो पूर्ण वाचावा आणि मगच सही करावी.

आपली मंडळं टॅक्स आणि कॉलेज प्रवेशावर व्याख्यानं ठेवतात. वर्षातून एकदा फॅमिली लॉच्या वकिलालाही बोलवायला काय हरकत आहे? आपल्याला काय वाटतं, जरूर कळवा.