लेकीच्या परसातली माझी घाई

होळी झाली की आपल्यातल्या कितीतरी जणींच्या बॅगा भरायला लागतात. लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण, कॅनडा किंवा अमेरिका, मुक्काम सहा महिने. डिंकाचे लाडू, हळीव, सुंठ, बाळंतशेपा, झबली-टोपडी. 2019 च्या एप्रिलमध्ये मी या यादीत आणखी एक जिन्नस घातला होता. आमच्या वृंदावनातल्या तुळशीचं रोप, मातीसकट, ओल्या फडक्यात गुंडाळून. टोरांटोच्या विमानतळावर ते काढून घेतलं. मातीतून कीड आणि रोग जातात, म्हणून असं रोप तिथं नेता येत नाही, हे लेकीनं नंतर समजावलं. तेव्हा मात्र मला रडूच आलं.

घरी गेले तर खिडकीशी दिवे लावून ट्रे मांडलेले. मी येणार म्हणून तिनं फेब्रुवारीतच बी पेरून तुळशीची चौदा रोपं केली होती. शिवाय टोमॅटो, मिरची, झेंडू. आठवा महिना, नोकरी, आणि रोज सकाळी त्या इवल्या शेंड्यांवरून हलकेच हात फिरवायचा. घरात वारा नसतो ना, म्हणून. त्यानं खोड दणकट होतं म्हणे.

आता माझा पराक्रम सांगते. मी निफाडकडची. आमच्याकडे पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात. सासऱ्यांबरोबर मीही जागलेली आहे. त्यामुळे थंडी कोणी मला शिकवायची नाही, असा माझा तोरा. एप्रिलच्या शेवटी एक दिवस लख्ख ऊन पडलं. माणसं अर्ध्या बाह्यांत फिरायला लागली. लेक डॉक्टरकडे गेली होती. म्हटलं, हिला वाकवत नाही, आपणच लावून टाकू. दुपारभर खपून सगळी रोपं परसात लावली. रात्री आभाळ निरभ्र, वारा अजिबात नाही. सकाळी पाहते तो गवतावर पांढरी साय धरलेली. महाबळेश्वरला दवबिंदू गोठले की आपल्या पेपरात फोटो येतो ना, तसंच. रोपं उकडलेल्या पालकासारखी लोळत होती. पानातलं पाणी गोठलं की पेशी फाटतात, मग ऊन आलं तरी पान उभं राहत नाही.

लेक रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "जाऊ दे गं आई" म्हणाली आणि रिकामे ट्रे धुवायला घेतले.

दोन दिवसांनी कुंपणापलीकडची पोलिश आजी आली. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. तिनं आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर 24 मे या तारखेवर बोट आपटलं आणि मान हलवली. त्याच्या आधी नाही! तिकडे 25 मेच्या आधीच्या सोमवारी व्हिक्टोरिया राणीच्या नावाची सुट्टी असते. टोरांटोकडची माणसं टोमॅटो, मिरची, झेंडू अशी नाजूक रोपं त्या सुट्टीला लावतात. त्याआधी एकदोन आठवडे ती रोज थोडा वेळ बाहेर ठेवायची, रात्री आत घ्यायची, हळूहळू वेळ वाढवायचा. दुकानंही लबाड बरं का. एप्रिलमध्येच फुललेल्या कुंड्या दारात मांडतात आणि रात्री गुपचूप आत घेतात!

मुलगी मे महिन्यात झाली. बाळाला मांडीवर घेऊन मी त्या आजीची शाळा शिकले. तिचा पहिला धडा असा, की रोप निवडताना फुलाचा फोटो बघायचा नाही, चिठ्ठीवरचा आकडा बघायचा. थंडीच्या मानानं त्या देशांत भागांचे पट्टे पाडलेत. आकडा जितका लहान, तितकी जास्त थंडी ते रोप सोसणार. लेकीचा भाग सहाच्या आसपासचा. पाच लिहिलेलं झाड निर्धास्त लावायचं, आठ लिहिलेलं पुढच्या वर्षी दिसणार नाही. त्यातही कुंडीत लावायचं असेल तर आणखी दोन आकडे खाली उतरायचं, कारण जमिनीतल्या मुळांना चहूबाजूंनी मातीची ऊब असते, कुंडीला बिचारीला सगळीकडून वारा.

माझ्या मनात गुलाब, मोगरा, जास्वंद. आजीच्या परसात पिओनी, लायलॅक, सावलीत होस्टा. पिओनी म्हणजे आपल्या बशीएवढं, पाकळ्यांनी गच्च भरलेलं फूल. हे झाड पन्नास-पन्नास वर्षं एका जागी राहतं आणि त्याला थंडी लागतेच. ती मिळाली नाही तर फुलतच नाही. त्याचा गड्डा शरद ऋतूत लावायचा, डोळे दोन इंचांपेक्षा खोल जाता कामा नयेत. खोल गेला तर नुसती पानं येतात, आणि माणसं वर्षानुवर्षं खत घालत बसतात. ट्यूलिपचंही तसंच, त्याचे कांदे ऑक्टोबरात पुरायचे, तीनेक महिने थंडीत झोपू द्यायचे. खारी ते उकरून खातात. डॅफोडिलचे कांदे विषारी असल्यामुळे त्यांना मात्र शिवत नाहीत. आणि लसूण! तिकडे तो ऑक्टोबरात लावून जुलैत काढतात, हे ऐकून मी चाटच पडले.

माझा सगळ्यात मोठा गैरसमज बर्फाचा. मला वाटायचं, बर्फ झाडं मारतं. उलट ती गोधडीच आहे. झाडं मरतात ती गोठणं-वितळणं, गोठणं-वितळणं या खेळात. त्यात माती फुगते, दबते आणि मुळं वर ढकलली जातात. म्हणून तिकडे पाचोळ्याचा थर घालतात तो माती गोठल्यानंतर, ती गोठलेलीच राहावी म्हणून. मी सप्टेंबरातच पाचोळा घालायला निघाले होते, पण यावेळी आधी विचारलं. आणि माती गोठण्यापूर्वी, विशेषतः सदाहरित झाडांना, भरपूर पाणी द्यायचं. हिवाळ्यात वारा पानातलं पाणी ओढत राहतो आणि गोठलेल्या मातीतून मुळांना ते मिळत नाही.

आता तुळशीचं. पाकिटात थोडं बी उरलं होतं. ते पुन्हा पेरलं, जूनमध्ये बाहेर लावलं. तिथं जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. कोथिंबीर त्यामुळे भराभर फुलावर जाते, पण तुळस कमरेएवढी झाली. माझं ऑक्टोबरचं तिकीट होतं, त्याआधी मंजिऱ्या खुडून ठेवल्या. बाहेरची तुळस पहिल्या कडक थंडीत काळी पडणार हे ठरलेलंच. एक लहान रोप कुंडीत, खिडकीशी. लेक म्हणाली, "आई, इथं ती दर वर्षी नवी लावायची असते." मला हे पचायला जड गेलं. कढीपत्त्याची कुंडीही रात्रीचा पारा दहाच्या खाली जायच्या आत घरात घ्यायची. हिवाळ्यात तो सगळी पानं टाकतो. मेला समजून फेकायचं नाही, आणि घाबरून पाणीही ओतायचं नाही. पाण्यानंच तो मरतो.

तिकडे जाणाऱ्या सगळ्या जणींना मी एकच भांडून सांगते. आपल्या अंगणाची यादी लेकीच्या, सुनेच्या गळ्यात मारू नका. "तुमच्याकडे साधी जास्वंद नाही?" हे फोनवर विचारायला आपलं काय जातं? पोटुशी पोर रात्री दिवे लावून आपल्यासाठी तुळस वाढवते आणि आपल्याला तिच्या दारची लायलॅक दिसतही नाही. ती लायलॅक छाटायची तर फुलं गेल्या गेल्या, बरं का. नंतर छाटली तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच जातात. हेही मी छाटून बसल्यावर कळलं!

आजीनं मी निघताना पिओनीचा गड्डा फोडून एक तुकडा लेकीला दिला. दोन वर्षं नुसती पानं आली. तिसऱ्या जूनला लेकीनं व्हिडिओ कॉल केला, नात बोलायला शिकली होती, फूल तिच्या तोंडापेक्षा मोठं. मी पहिलं काय विचारलं असेल? "किती इंच खोल लावलं होतंस गं?"

यंदा पुन्हा जायचं चाललंय. जावई म्हणाले, एप्रिलमध्ये तिकीट स्वस्त आहे. लेक मागून ओरडली, "नको, आईला 24 मेनंतरच बोलवा."