गाडी धावते, वही कोरीच!

वसईच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात गाळ्यांच्या रांगाच रांगा आहेत. सोमवार ते शनिवार गाळामालकाची मोटार कच्चा माल, नमुने आणि बँकेचे हेलपाटे यांत गुंतलेली असते. रविवारी तीच मोटार घरच्यांना घेऊन जीवदानीच्या पायथ्याशी किंवा पापडीच्या चर्चसमोर उभी दिसते. यात गैर काहीच नाही. गैर आहे ते पुढचे. वर्षअखेरीस पेट्रोलचा सगळा खर्च धंद्याच्या नावावर पडतो आणि कोणता किलोमीटर धंद्याचा, कोणता घरचा, हे सांगणारा कागद कुणाकडेच नसतो.

कायद्याला हा प्रश्न नवा नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३८(२) नुसार वाहन केवळ धंद्यासाठी वापरले नसेल, तर दुरुस्ती, विमा आणि घसारा यांचा धंद्यापुरता रास्त हिस्साच वजावटीस पात्र ठरतो. इंधनाचा खर्चही पूर्णपणे धंद्यासाठीच झालेला असावा लागतो. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानेही हे तत्त्व सोडलेले नाही.

हा रास्त हिस्सा ठरवायचा कुणी? वही असेल तर मालकाने. वही नसेल तर अधिकाऱ्याने, अंदाजाने! खर्चाचा दहावा किंवा पाचवा हिस्सा घरगुती धरून नामंजूर करण्याची रीत जुनीच आहे. समजा, मोटारीचा वर्षाचा खर्च तीन लाख रुपये आणि घरगुती वापर खरोखर दहा टक्केच, म्हणजे तीस हजारांचा. अधिकाऱ्याने वीस टक्के धरले तर साठ हजार कापले जातात. तीस टक्के दराने कर भरणाऱ्याला ही कोरी वही उपकर सोडून वर्षाला नऊ हजारांना पडते. लबाडाचे सोडा, इथे प्रामाणिक माणूसच दंड भरतो.

'फास्टॅगमध्ये सगळे येतेच की,' असे अनेकजण सांगतात. महामार्गावर खानिवड्याचा नाका ओलांडला तर येतेही. पण वसईहून दादरला गेलात तर? ऑक्टोबर २०२४ पासून दहिसर नाक्यावर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. पैसे वाचले, पण टोलच्या पावतीचा पुरावाही गेला. शिवाय गाडी नाक्यावरून गेली एवढेच टोलची नोंद सांगते. ती गिऱ्हाईकाकडे गेली की लग्नाला, हे सांगत नाही. पेट्रोलपंपाच्या पावतीची शाई तर काही महिन्यांतच उडून जाते.

लिहायचे तरी किती? नोकरदाराला कंपनीकडून मिळणाऱ्या मोटारीबाबत १९६२ च्या आयकर नियमांनी जो तपशील सुचवला, तोच पुरेसा आहे: तारीख, कुठे गेलो, किती किलोमीटर, किती खर्च. त्यात कामाचा एक रकाना वाढवा. दहा रुपयांची वही, दिवसाला दोन मिनिटे. मात्र ती त्या त्या दिवशी लिहिलेली हवी. मार्चअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने भरलेली वही म्हणजे वरातीमागून घोडे. ती पाहून अधिकाऱ्याचा संशय वाढतोच.

सरकारचीही एक जबाबदारी आहे. मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्या, दहापर्यंत गाड्यांच्या मालकाला १९९४ साली कलम ४४एई ने ठोक उत्पन्नाची सोय दिली. स्वतःच्या मोटारीने धंदा सांभाळणाऱ्या छोट्या कारखानदारालाही किलोमीटरमागे ठरावीक दराने वजावट का मिळू नये? ब्रिटनमध्ये छोट्या व्यावसायिकाला मैलामागे अशी सोय आहे. पण तिथेही मैल लिहून ठेवावेच लागतात!

म्हणजे फिरून पुन्हा वहीपाशीच. आपल्याला वही ही साहेबासाठी ठेवायची वस्तू वाटते, म्हणून ती नकोशी होते. खरे तर साहेबापुढे आपल्या बाजूने बोलणारा तोच एकमेव साक्षीदार आहे. उद्या सकाळी किल्ली फिरवण्याआधी मीटरचा आकडा तेवढा टिपून ठेवा.