प्रकाश आहे, पारखी हवेत

विज्ञानाच्या क्षेत्रात मोठे यंत्र उभारणे हे अवघड काम आहे, यात शंका नाही. परंतु त्याहूनही अवघड काम म्हणजे त्या यंत्राचे चीज करणारी माणसे घडविणे. पहिल्या कामाला पैसा, पोलाद आणि काही वर्षांची चिकाटी लागते. दुसऱ्याला पिढी खर्ची घालावी लागते. पहिल्याचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकतात. दुसऱ्याच्या नशिबी असला समारंभ नाही, आणि म्हणूनच की काय, अंदाजपत्रक मांडताना त्याची आठवण सर्वांत शेवटी होते. इंदूर येथे आपल्या देशाने क्ष-किरणांचा जो प्रचंड स्रोत उभा केला आहे, त्याहून अधिक प्रखर असा नवा स्रोत देशात व्हावा असा आग्रह आपले शास्त्रज्ञ धरीत आहेत. अशा वेळी हा दुसऱ्या कामाचा प्रश्न नीट विचारात घेणे अगत्याचे आहे.

विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. हाडांचे चित्र घेणारे किरण म्हणून ते घरोघर माहीत झाले. पण त्यांचे खरे सामर्थ्य १९१२ नंतर प्रकट झाले. स्फटिकातून जाताना हे किरण विशिष्ट दिशांना विखुरतात आणि त्या विखुरण्यावरून आतील अणूंची मांडणी ओळखता येते, हे माक्स फोन लाउए आणि ब्रॅग पितापुत्र यांनी दाखवून दिले. रुग्णालयातील नळीतून निघणारे किरण या कामाला समईच्या ज्योतीसारखे मंद पडतात. सूक्ष्म, क्षीण वा क्षणभंगुर वस्तूचे अंतरंग पाहायचे तर त्याहून कित्येक पटींनी प्रखर झोत हवा. तो सिंक्रोट्रॉन देतो. निर्वात नळीच्या वलयातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरविले जातात. चुंबकांनी त्यांची वाट वाकविली की, ओली छत्री गरगर फिरविली असता जसे तुषार उडावेत, तसा वळणावळणावर प्रकाश बाहेर फेकला जातो. त्यातील क्ष-किरण वेगवेगळ्या वाटांनी प्रयोगाच्या मेजापर्यंत आणले जातात. या वाटांना बीमलाइन म्हणतात.

हा प्रकाश मनुष्याने प्रथम कसा पाहिला, ही हकीकत बोधप्रद आहे. एप्रिल १९४७ मध्ये अमेरिकेत स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत एक लहानसा सिंक्रोट्रॉन चालू होता. संरक्षक भिंतीआडून आरशातून यंत्राकडे पाहणाऱ्या तंत्रज्ञाला नळीत उजेड दिसला. ठिणगी पडली असे वाटून त्याने यंत्र बंद करण्याची खूण केली. शास्त्रज्ञांनी पाहिले तो नळीतील निर्वात स्थिती निर्दोष होती. मग ठिणगी कशी? विचार आणि तपास करता करता, वळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचाच हा प्रकाश, असा उलगडा झाला. तंत्रज्ञाची नजर सावध नसती तर प्रकाश कोणाला दिसलाच नसता. शास्त्रज्ञांची बुद्धी तयार नसती तर तो ठिणगी म्हणून विसरला गेला असता. पुढेही कित्येक वर्षे कणांच्या भौतिकीत गुंतलेल्यांना हा प्रकाश म्हणजे ऊर्जेची नुकसानी वाटे. त्या नुकसानीतच धन आहे हे ओळखणारे पारखी निर्माण झाले, तेव्हा कुठे केवळ प्रकाशासाठी यंत्रे बांधली जाऊ लागली. इंग्लंडमधील डेअर्सबरीचे यंत्र १९८१ साली, फ्रान्समधील ग्रेनोबलचे १९९४ साली, तर जपानमधील स्प्रिंग-८ हे जवळजवळ दीड किलोमीटर परिघाचे यंत्र १९९७ साली कामास लागले.

आपणही मागे राहिलो नाही. होळकरांच्या इंदुरात १९८४ साली प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. आज ते राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे 'इंडस-१' हे सुमारे १९ मीटर परिघाचे वलय १९९९ साली चालू झाले आणि २००५ च्या डिसेंबरात सुमारे १७२ मीटर परिघाचे, अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे 'इंडस-२' राष्ट्राला अर्पण झाले. ही यंत्रे आपल्याच अभियंत्यांनी व कारागिरांनी रचली. जिनीव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरसाठी लागलेले अनेक अतिवाहक चुंबक आणि अवजड चुंबकांना आधार देणारे जॅक पुरविण्याच्या भारतीय कामगिरीतही याच केंद्राचा मोठा वाटा होता. हे सारे अभिमानास्पद आहे. परंतु अभिमानाने प्रश्न संपत नाही. तो येथून सुरू होतो.

सिंक्रोट्रॉन हे काही एका शास्त्रज्ञाचे यंत्र नव्हे. ती एक धर्मशाळा आहे. येथे पदार्थविज्ञानवाला येतो, रसायनज्ञ येतो, जीवशास्त्रज्ञ येतो, भूगर्भाचा अभ्यासक येतो. प्रत्येकाने आपला प्रयोग लिहून पाठवावा, जाणकारांनी तो तपासावा आणि मंजूर झाल्यास मोजक्या पाळ्या त्याच्या वाट्याला याव्यात, अशी जगभरची रीत आहे. यंत्र रात्रंदिवस चालते. पहाटे तीनची पाळी आली तर तेव्हा जागेच असावे लागते. अशा वेळी संशोधकाला नमुना कसा बसवावा, कोणती ऊर्जा निवडावी, किरणांच्या माऱ्याने नमुनाच जळू नये म्हणून काय करावे, हाती आलेल्या आकड्यांतले खरे कोणते आणि उपकरणाचा दोष कोणता, हे ठाऊक नसेल तर मिळालेला वेळ फुकट जातो. हे ज्ञान पुस्तकात अर्धेच सापडते. तंबोरा पैसे देऊन आणता येतो. तो जुळवायला मात्र गुरूपुढे बसावे लागते. केसरबाई केरकरांच्या भूमीत हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

व्यंकटरमण रामकृष्णन यांचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ साली त्यांनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आणि अमेरिकेत १९७६ साली त्याच विषयात डॉक्टरेट मिळविली. मग त्यांचे मन जीवशास्त्राकडे ओढले गेले. डॉक्टर झालेला हा तरुण पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्राच्या वर्गात बसला. पुढे प्रौढ वयात, नोकरीतून सवड काढून, ते केंब्रिजला स्फटिकशास्त्र शिकण्यासाठी गेले. पेशीतील प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमची रचना त्यांनी सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशाच्या साहाय्याने २००० साली उलगडली आणि २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक थॉमस स्टाइट्स व अदा योनाथ यांच्यासमवेत त्यांना मिळाले. बुद्धी त्यांची होती, हे खरे. परंतु शिकण्याची दुसरी आणि तिसरी संधी देणारी संस्था त्यांना भेटली, हेही तितकेच खरे. बडोद्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला वा पणजीला आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींना ही दुसरी संधी आपण आपल्या देशात देणार आहोत काय, हा खरा सवाल आहे.

इतर देशांनी हा सवाल कसा सोडविला? ग्रेनोबलला १९९१ पासून, म्हणजे तेथील नवे यंत्र पूर्ण होण्याच्याही आधीपासून, हर्क्युलिस नावाची शाळा दरवर्षी भरते. काही आठवडे तरुण संशोधक व्याख्यानांबरोबर प्रत्यक्ष यंत्रावर हात चालवितात. जपानने २००७ पासून आशिया-ओशनिया विभागासाठी स्प्रिंग-८ येथे अशीच शाळा चालविली. याहूनही लक्षणीय उदाहरण जॉर्डनचे. तेथील सेसमी हे केंद्र इजिप्त, इराण, इस्रायल, पॅलेस्टाइन, पाकिस्तान अशा एकमेकांशी क्वचितच बोलणाऱ्या देशांनी मिळून काढले. उद्घाटन झाले २०१७ साली. पण संशोधकांना बाहेरच्या प्रयोगशाळांत पाठवून शिकविण्याचा उपक्रम त्याआधी दीड दशकाहून अधिक काळ चालू होता. भिंती उभ्या राहण्यापूर्वी माणसे उभी करण्याचे शहाणपण त्या तुलनेने गरीब आणि अशांत प्रदेशाने दाखविले. सेसमीच्या वलयाची ऊर्जा आपल्या 'इंडस-२' इतकीच, अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आणि खरे पाहता हे शहाणपण आपल्याला नवे नाही. 'अप्सरा' ही अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये कार्यान्वित झाली आणि पुढच्याच वर्षी, १९५७ साली, होमी भाभांनी तुर्भ्याला प्रशिक्षण विद्यालय उघडले. देशभरातून पदवीधर निवडायचे, वर्षभर सर्व शाखांचे शिक्षण एकत्र द्यायचे आणि मग कामाला लावायचे, अशी ती योजना होती. तिची घडी बसविण्यात राजा रामण्णा यांचा मोठा हात होता. इंदूरचे केंद्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्यांचे खरे स्मारक तुर्भ्याची ही शिकवणूक आहे. तिचा लाभ मुख्यतः अणुऊर्जा खात्यातील मनुष्यबळाला झाला. सिंक्रोट्रॉनला मात्र विद्यापीठांची माणसे हवीत, आणि प्रश्न अडतो तो तेथेच.

विद्यापीठांसाठी काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अणुऊर्जा खात्याच्या सुविधा विद्यापीठांना खुल्या करून देण्यासाठी १९९० पासून इंदुरात देवी अहिल्या विद्यापीठाच्या आवारात एक संयुक्त संस्था काम करीत आहे. जपानमधील त्सुकुबा, जर्मनीतील हॅम्बर्ग आणि इटलीतील त्रिएस्ते येथील बीमलाइनींमध्ये भारताने पैसा घातला असून आपले संशोधक तेथे जातात. गोवा विद्यापीठातील अभ्यासकांनीही सिंक्रोट्रॉनचा उपयोग केलेला आहे. परंतु या वाटा ज्यांना मार्गदर्शक भेटला त्यांच्यासाठी आहेत. ज्या महाविद्यालयात अशा प्रयोगाचे नावही कोणी काढीत नाही, तेथील हुशार विद्यार्थिनीने अर्ज तरी कोणत्या आधारावर लिहावा?

याचे मोल केवळ कीर्तीत मोजू नये. आमच्या गोव्यात औषधांचे कारखाने आहेत. एकाच औषधाचा रेणू भिन्न स्फटिकरूपांत गोठू शकतो आणि रूप बदलले की त्याची विरघळण्याची रीत बदलते, ही त्या धंद्यातील रोजची डोकेदुखी आहे. मांडवी-जुवारीच्या गाळात आणि खाजनांच्या मातीत लोह, मँगनीज वा अन्य धातू नुसते किती आहेत एवढे कळून भागत नाही. ते कोणत्या रासायनिक अवस्थेत आहेत यावर त्यांचा मासळीवर आणि पिकावर होणारा परिणाम ठरतो. खनिजाच्या बार्जी ज्या नद्यांतून वर्षानुवर्षे वाहिल्या, त्या नद्यांच्या काठावरील माणसाला या प्रश्नाचे उत्तर हवे आहे. ते उत्तर देण्याची शक्ती क्ष-किरणांच्या या झोतात आहे. प्रश्न आपला, नदी आपली, यंत्रही आपल्याच देशाचे. मधला दुवा तेवढा गहाळ आहे.

गरीब देशाला असले चोचले परवडतात काय, असे विचारणारे आहेत. यंत्र उभारलेच नसते तर हा प्रश्न एक वेळ शोभला असता. ते उभारून त्याचा पुरता उपयोग न करणे, हीच खरी उधळपट्टी होय. शिकविलेली मुले परदेशी निघून जातील, असा दुसरा आक्षेप. काही जातील, त्यांना कोणी अडवू नये. पण न शिकविलेली मुले येथे राहून काय साधणार? शिवाय परदेशच्या यंत्रावर यंत्र वापरणारा तयार होतो. यंत्र बांधणारा आणि दुरुस्त करणारा मात्र घरच्याच यंत्रावर तयार होतो.

तेव्हा नव्या स्रोताची योजना मंजूर होईल त्याच दिवशी तिच्या खर्चातील एक निश्चित हिस्सा प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा आणि तो अन्य कामाकडे वळविता येऊ नये. नव्या यंत्राची वाट न पाहता इंदूरच्या आजच्या यंत्रावर दरवर्षी किमान महिनाभराची शाळा भरवावी, तिच्यासाठी यंत्राच्या पाळ्या स्वतंत्र राखाव्यात आणि राज्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना प्रवासाचा व राहण्याचा सर्व खर्च द्यावा. प्रत्येक विद्यापीठात क्ष-किरणांचे एक साधे पण चालू स्थितीतले उपकरण असावे. कारण पहिली पायरी गावातच लागते. निर्वात तंत्र, सूक्ष्म जोडकाम आणि इलेक्ट्रॉनिकी यांत तरबेज असे तंत्रज्ञ औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून व तंत्रनिकेतनांतून निवडून याच शाळेत बसवावेत. स्केनेक्टडीचा तो प्रकाश प्रथम तंत्रज्ञालाच दिसला होता. आणि बीमलाइनवर रात्र-रात्र जागून दुसऱ्यांचे प्रयोग पार पाडणाऱ्या शास्त्रज्ञाला बढतीच्या वेळी केवळ स्वतःच्या निबंधांच्या संख्येने मोजू नये. शिकविणे हेही त्याचे काम मानले जावे.

गोवा सरकारनेही दिल्लीकडे बोट दाखवून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. राज्यातील पदार्थविज्ञान, रसायन, भूगर्भ आणि सागरविज्ञानाच्या निवडक विद्यार्थ्यांना दरवर्षी इंदूरला पाठविण्याचा खर्च एखाद्या मध्यम प्रतीच्या सरकारी सोहळ्याहून अधिक येणार नाही. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि विद्यापीठ शेजारी-शेजारी असलेल्या या राज्याला मार्गदर्शक शोधण्यासाठीही दूर जावे लागणार नाही. इंदूरच्या वलयात प्रकाश फिरतो आहे. आता तो पाहण्याची नजर कमावण्यासाठी आपल्या मुलांना तेथवर पोहोचविण्याची जबाबदारी सरकारने पत्करावी आणि येत्या अंदाजपत्रकात तशी तरतूद करावी, एवढेच आमचे मागणे आहे.