मुद्दाम केलेली गैरसोय

सोयीची वस्तू हाती असल्याचा विसर पडतो. गैरसोयीची वस्तू मात्र पदोपदी आपले अस्तित्व जाणवून देते. म्हणूनच की काय, वस्तुरचनेचे, म्हणजे ज्या विद्येस आता सर्वत्र डिझाइन म्हणतात तिचे, शिक्षण देताना विद्यार्थ्यांस कधी कधी एक विलक्षण अभ्यास घालून दिला जातो. नित्याच्या वापरातील एखादी वस्तू घ्यावयाची आणि ती मोडूनतोडून नव्हे, तर विचारपूर्वक गैरसोयीची करून आणावयाची. वस्तू पाहताक्षणी ओळखू आली पाहिजे, तिचे काम कसेबसे झालेही पाहिजे. परंतु वापरणारा अडखळलाच पाहिजे.

कऱ्हाडास लागून असलेल्या मलकापुरातील एखाद्या सुशिक्षित कुटुंबाची कल्पना करावी. घरची कन्या या विद्येच्या अभ्यासासाठी पुण्यास राहिली आहे, आणि सुटीस येताना तिने स्वतः घडविलेला एक तांब्या आणला आहे. त्याचा काठ आत वळलेला, बूड गोल. उचलू गेल्यास तो बोटांतून निसटतो, ठेवू गेल्यास कलंडतो. "एवढा खर्च करून हेच का शिकावयाचे?" असा प्रश्न वडिलांच्या ओठी आला, तर त्यांस दोष देता येणार नाही. प्रश्न रास्त आहे. आणि ज्यांची मुले या मार्गास लागली आहेत, किंवा लागू पाहत आहेत, अशा आमच्या वाचकांस त्याचे उत्तर मिळावयास हवे.

हा खेळ आजचा नव्हे. झाक कारेलमान या फ्रेंच कलावंताने १९६९ साली कोठेही न मिळणाऱ्या वस्तूंची एक सचित्र सूची प्रसिद्ध केली. तीत एक कॉफीची किटली आहे. तिची तोटी आणि तिचा कान एकाच बाजूस! कॉफी ओतू जावे तर ती ओतणाऱ्याच्याच हातावर यावयाची. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन पंडिताने रोजच्या वस्तूंच्या मानसशास्त्रावर १९८८ साली जो ग्रंथ लिहिला, त्याच्या मुखपृष्ठावर अशीच किटली झळकली. पुढे अथेन्स येथील कॅटरीना कांप्रानी या वास्तुशिल्पी बाईंनी २०११ पासून गैरसोयीच्या वस्तूंची मालिकाच आरंभिली. झाडांस पाणी घालावयाची झारी, पण तिची तोटी पुन्हा झारीकडेच वळलेली. पावसाळी बूट, पण बोटांकडे उघडे. जेवणाचा काटा, पण त्याची मूठ साखळीची.

ही चित्रे पाहून हसू येते. ते का येते, हे मात्र विचार करण्यासारखे आहे. झारीची तोटी बाहेरच का असावी, हे आपणांस कोणी शिकविलेले नसते. आपला हात ते जाणतो, बुद्धीने मात्र त्याची कधी नोंद घेतलेली नसते. वस्तू उलटी होताच ती अबोल जाण एकदम बोलकी होते. या अभ्यासाचे पहिले फळ हेच होय.

पुन्हा त्या तांब्याकडे वळू. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य येथे आले आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. त्यातूनच १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय वस्तुरचना संस्था उदयास आली. या देशात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वांत अधिक वाखाणला तो साधा लोटा, आपला तांब्याच. त्यात किती पाणी मावावे, तो डोक्यावर न्यावयाचा की कमरेवर, रिकामा असता आणि भरला असता त्याचा तोल कसा राहतो, हात केवढा, किंमत किती, हाताला स्पर्श कसा लागतो, असे कितीतरी प्रश्न त्या एका भांड्याने पिढ्यानुपिढ्या सोडविले आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. हे गुण केवळ वाचून पाठ करता येतील. पण काठ आत वळविला की बोटांस आधार राहत नाही, गळा रुंद केला की चालताना पाणी हिंदकळते, बूड गोल केले की तांब्या जमिनीवर उभा राहत नाही, हे ज्या मुलीने आपल्या हातांनी करून पाहिले, तिला तांब्या खरा समजला. एक एक गुण काढून घेतल्यावाचून तो गुण होता हे कळत नाही.

दुसरे फळ याहून मोलाचे आहे. मुद्दाम केलेली गैरसोय ओळखू लागलेली दृष्टी घरात फिरू लागली, की नकळत झालेली गैरसोयही तिला दिसू लागते. स्टीलच्या फुलपात्रात कढत चहा ओतून आपण तो पदराने धरून पितो. झाकणाची धातूची मूठ झाकणाइतकीच तापते. स्वयंपाकाचा ओटा गवंडी आपल्या ठरलेल्या मापाने बांधतो, आणि घरातील स्त्री उंच असो वा ठेंगणी, जन्मभर त्या मापाशी जुळवून घेते. यांपैकी काहीही कोणी दुष्टपणाने केलेले नाही. विचारलेच नाही, एवढेच. सवय ही फार मोठी झाकणी आहे. पाठ दुखते ती वयाने, असे आपण म्हणतो. ओट्याने, असे क्वचितच म्हणतो.

अमेरिकेत पॅट्रिशिया मूर ही तरुण रचनाकार एका नामांकित कार्यालयात काम करीत असता, सांधेदुखी असलेल्यांसही उघडता येईल असे शीतकपाटाचे (फ्रिजचे) दार करावे, असे तिने सुचविले. तशा लोकांसाठी आपण वस्तू करीत नाही, असे तिला उत्तर मिळाले. तेव्हा वयाच्या २६ व्या वर्षी, १९७९ साली, तिने वृद्धेचे सोंग घेतले. दृष्टी धूसर करणारे चष्मे, कानांत बोळे, सांधे वाकू नयेत म्हणून पट्ट्या, अशा अवस्थेत सुमारे तीन वर्षे ती अधूनमधून गावोगाव हिंडली. गैरसोय तिने वस्तूस न देता स्वतःच्या देहास दिली. सॅम फार्बर या गृहस्थांनी तर आपल्या संधिवात असलेल्या पत्नीस साल काढावयाचे यंत्र धरताना होणारा त्रास पाहिला आणि १९९० साली जाड, मऊ मुठींची स्वयंपाकाची हत्यारे बाजारात आणली. दुखऱ्या हातांसाठी केलेली ती मूठ धडधाकट हातांसही आवडली.

मग गैरसोय सर्वस्वी त्याज्यच काय? तसेही नाही. औषधाच्या कित्येक बाटल्यांचे बूच दाबून फिरविल्यावाचून निघत नाही. लहान मुलाच्या हातून ते निघू नये, हाच त्यातील हेतू. खुद्द मलकापुरात या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस चोवीस तास पाण्याची योजना आली, तेव्हा घरोघर मीटर बसले आणि वापर वाढेल तसा चढता दर ठेवण्यात आला. नळ केव्हाही सोडावा, पण वाहता ठेवल्यास बिल टोचावे, अशी ही योजलेली टोचणी होती. याउलट लंडनच्या कॅमडेन भागात २०१२ साली बसविलेले काँक्रीटचे बाक पाहावे. त्यांचा पृष्ठभाग असा उतरता, की त्यावर बेघर माणसास पाठ टेकता येऊ नये. बूच, मीटर आणि बाक, तिन्ही मुद्दामच गैरसोयीचे. परंतु पहिली दोन ज्यास अडवितात त्याचे वा सर्वांचे हित पाहतात आणि आपला हेतू उघड सांगतात. तिसरा दुबळ्यास मुकाट्याने हाकलून देतो.

यास्तव त्या वडिलांस आमचे उत्तर असे, की खर्च वाया गेलेला नाही. मात्र अभ्यास अर्ध्यावर सोडू नये. वस्तू बिघडविण्याचे कौशल्य साधल्यावर मुलीने तीच नजर घरातील खऱ्या गैरसोयींकडे वळवावी. ही गैरसोय कोणाच्या वाट्यास येते, कोणाच्या हितासाठी, आणि सोसणाऱ्यास कोणी विचारले होते काय, हे तीन प्रश्न प्रत्येक वस्तूस लावावेत. त्यासाठी पुण्यास जावयास हवे असेही नाही. आमच्या वाचकभगिनींनी एक दिवस घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या शेजारी बसून, ती कोणत्या भांड्याशी, कोणत्या कडीशी, कोणत्या पायरीशी क्षणभर थांबते, एवढेच पाहावे. सुधारणेस आरंभ करावयाच्या वस्तूंची यादी संध्याकाळपर्यंत आपोआप तयार होईल.