जुना रेडिओ बोलता ठेवा

जुन्या रेडिओविषयीं अलीकडे हौशी लोकांत मोठें प्रेम उत्पन्न झालें आहे. मर्फी, फिलिप्स, बुश अशा नांवांचे लाकडी पेटीचे संच शोधून आणावयाचे, पॉलिश करावयाचे व दिवाणखान्यांत मांडून ठेवावयाचे, असा परिपाठ दिसतो. आमचें मत असें कीं, मुका रेडिओ ही केवळ एक पेटी होय. ज्यास तो ठेवावयाचा असेल त्यानें तो बोलता ठेवावा.

बोलण्यामुळेंच रेडिओस मोल आलें, हें आम्हां मराठवाड्यांतील लोकांस सांगावयास नको. १९४८ पर्यंत दिंद्रुड व सारा बीड जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता. त्या वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं निजामांनीं शस्त्रसंधीची घोषणा केली ती नभोवाणीवरूनच. पुढें १९५६ सालीं पुण्याच्या आकाशवाणी केंद्रानें सुमारें दीडशें खेड्यांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें चालविलीं. कार्यक्रम संपतांच मंडळी त्यावर चर्चा करीत. एकत्र बसून ऐकावें व ऐकलेल्याचा विचार करावा, हाच रेडिओचा खरा उपयोग.

विद्यार्थिमित्रहो, जुन्या संचांत शिकण्याजोगेंहि पुष्कळ आहे. आजच्या यंत्राचा सारा कारभार नखाएवढ्या तुकड्यांत दडलेला असतो. जुन्या संचांत काचेचे व्हॉल्व्ह तांबूस होतांना दिसतात, व ते तापेपर्यंत आवाज येत नाहीं. खुंटी फिरविली कीं धातूचीं पातीं एकमेकांत सरकतात आणि केंद्र बदलतें.

मध्यम लहरींवरील केंद्रें कमी होत चाललीं आहेत, हा आक्षेप खरा आहे. परंतु पुष्कळ जुन्या संचांस मागील बाजूस ग्रामोफोन जोडण्याची सोय असते. तिच्या योगें भ्रमणध्वनीवरील गाणें वा भाषणहि त्यांतून ऐकतां येतें. मात्र त्यासाठीं ट्रान्सफॉर्मर असलेला संचच निवडावा. ए. सी.-डी. सी. दोन्हींवर चालणाऱ्या पुष्कळ स्वस्त संचांत आंतील लोखंडी सांगाड्यांतच वीज उतरूं शकते. शिवाय कोणत्याहि व्हॉल्व्हच्या संचांत शेंकडों व्होल्टचा दाब असतो, व बटण बंद केल्यावरहि तो कांहीं वेळ टिकतो. म्हणून मुलांनीं पेटी एकट्यानें उघडूं नये.

पालकांस विनंती एवढीच कीं, माळ्यावर पडलेला संच भंगारांत देण्यापूर्वीं तो जाणत्या कारागिरास दाखवावा, आणि दुरुस्ती चालू असतां मुलांस शेजारीं बसूं द्यावें.