सर्वोत्तम, पण कशासाठी?

गव्हाच्या नत्र-चाचणीचा एक आराखडा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तपासायला आला. वाफे 12. त्यांतल्या 6 वाफ्यांना नत्र शून्य, उरलेल्या 6 वाफ्यांना हेक्टरी 120 किलो. मधली एकही मात्रा नाही. खाली संगणकानं छापलेलं: डी-कार्यक्षमता, म्हणजे डी कसोटीनुसार आराखडा सर्वोत्तमाच्या किती जवळ आहे याचं माप, 100 टक्के. मी विचारलं, "साठ किलोला काय होतं, ते कुठून कळणार?" उत्तर आलं, "सर, आराखडा ऑप्टिमल आहे."

या उत्तराची मला चीड आहे.

संगणक खोटं बोलला नव्हता. नत्र आणि उत्पादन यांचं नातं सरळ रेषेचं आहे, असं त्याला सांगितलं होतं. तसं असेल तर दोन्ही टोकांना निम्मे-निम्मे वाफे ठेवणं सर्वोत्तम, हे गणितानं सिद्धच आहे. पण नत्र वाढवत नेलं की उत्पादन आधी वाढतं, मग वाढ मंदावते आणि अती झालं की पीक लोळतं, हे बांधावरचा कोणीही सांगेल. समजा, शून्याला हेक्टरी 20 क्विंटल आले आणि 120 किलोला 26. रेषा म्हणणार, साठ किलोला 23. प्रत्यक्षात तिथे 28 येत असतील, तरी या 12 वाफ्यांतला एकही ते सांगणार नाही. दोन बिंदूंतून रेषा जाणारच. ती चुकली हे दाखवणारा तिसरा बिंदूच ठेवलेला नाही.

आता किंमत बघा. तेच वाफे 0, 60 आणि 120 किलोवर चार-चार वाटले, तर सरळ रेषेच्या हिशेबात डी-कार्यक्षमता 82 टक्क्यांवर येते. जी रेषा खरी आहे की नाही हेच माहीत नाही, तिच्या 18 टक्क्यांसाठी आपण डोळ्यांवर पट्टी बांधून घेतो!

रेषेऐवजी द्विघाती वक्र गृहीत धरला तरी 'सर्वोत्तम' एकच नसतं. डी कसोटी सगळ्या गुणकांची एकत्रित अनिश्चितता कमी करते. ती वाफे चार-चार-चार वाटायला सांगते. आय कसोटी शून्य ते 120 या साऱ्या पट्ट्यातल्या अंदाजाचं सरासरी विचरण कमी करते. ती तीन-सहा-तीन सांगते. दोन्ही बरोबर, कारण दोघींचे प्रश्न वेगळे. शेतकऱ्याला गुणक नको असतात, कोणत्या मात्रेला किती पीक येईल हे हवं असतं. संगणकाच्या मेनूत डी आयती निवडलेली होती म्हणून डी, हा निव्वळ आळस आहे.

कर्स्टिन स्मिथ या डॅनिश संख्याशास्त्रज्ञ बाईंनी 1918 मध्ये बहुपदींसाठी असे आराखडे काढले, ते आधी प्रश्न ठरवून: अंदाजाचं जास्तीत जास्त विचरण कमीत कमी कसं करायचं? जॉर्ज बॉक्स आणि नॉर्मन ड्रेपर यांनी 1959 मध्ये दाखवून दिलं की, प्रतिमानच चुकीचं असू शकतं हे मान्य केलं, तर आराखडा निवडताना विचरणापेक्षा त्या चुकीचं पारडं जड ठरतं. हे कळायला आपल्याला आणखी किती वर्षं हवीत?

आराखड्यावर सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: प्रश्न कोणता, गृहीत काय धरलं, आणि ते गृहीतक चुकलं तर कोणता वाफा ते दाखवेल. तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर पेरू नका.

तो आराखडा जसाच्या तसा पेरला गेला. रब्बीचा एक अख्खा हंगाम गेला, आणि साठ किलोला काय होतं ते कोणालाच कळलं नाही.