पीजचा मनोरा

बडोद्याच्या उत्तरेस, नडियादजवळ, पीज नावाचे एक खेडे आहे. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या कानांवर ते नावही आले नसेल. परंतु विकासकार्य आणि लोकसंपर्क यांचे नाते जाणून घ्यावयाचे, तर परदेशीचे ग्रंथ चाळण्यापूर्वी या खेड्याचे स्मरण करणे इष्ट होय.

1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने आपला एटीएस-6 हा उपग्रह भारतास वापरावयास दिला होता. सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत तारेच्या जाळीच्या छत्र्या उभ्या राहिल्या आणि शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांचे पाठ थेट आकाशातून उतरू लागले. या प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस होते, हे आपण मराठी मंडळींनी आवर्जून मुलांना सांगावे. तथापि उपग्रह पडला उसना. मुदत संपताच तो परत गेला.

पीजचा मनोरा मात्र राहिला. प्रक्षेपणाची शक्ती अवघी एक किलोवॅट, आणि प्रेक्षक म्हणजे खेडा जिल्ह्यातील काहीशे गावांच्या सार्वजनिक संचांपुढे जमणारी माणसे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील कार्यकर्ते आधी गावोगाव चौकशी करीत, मग कार्यक्रम रचीत, आणि तो दाखविल्यावर पुन्हा जाऊन विचारीत: कळले काय? पटले काय? किमान मजुरी, जातिभेद, दारू यांसारखे विषय तेथे ग्रामस्थांच्याच बोलीत आले. कित्येकदा ग्रामस्थच पात्रे झाले. या कामास पुढे युनेस्कोचे पारितोषिक लाभले. माझ्या मते त्या पारितोषिकाचा खरा मान प्रक्षेपणानंतरच्या त्या दोन प्रश्नांचा. (सयाजीराव महाराजांनीही 1910 साली बोर्डन नामक अमेरिकी ग्रंथपालास पाचारण करून खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या धाडल्या होत्या, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.)

आमच्या गोरव्यातील शाळेत लसीकरणाचे परिपत्रक येते, ते कचेरीच्या गुजरातीत. परप्रांतांतून कारखान्यांत कामास आलेली कुटुंबे येथे पुष्कळ. त्यांच्या घरी तो कागद मुलाच्या दप्तरातच राहतो. म्हणून संमतीची सही घेण्यापूर्वी आम्ही आयांना व्हरांड्यात बसवून त्यांच्या शंका ऐकून घेतो. गेल्या खेपेस एकीने विचारले, "सुई टोचल्यावर पोराला ताप आला, तर दुसऱ्या दिवशीची माझी मजुरी कोण देणार?"

परिपत्रकात याचे उत्तर नव्हते.